दहाव्या वर्षाची रायफल

जळगाव,
११ मे २०२५

चि. नाना,

तुझं पत्र पोहोचलं. लेकीला दहावं लागलं, सुटीतल्या शिबिरात तिला नेमबाजीची गोडी लागली, आणि आता तिच्यासाठी पॉइंट टू-टू घ्यावी की एअर रायफल, हे तू विचारतो आहेस. निम्मं उत्तर सरकारनेच देऊन ठेवलं आहे. पॉइंट टू-टू दिसायला सडपातळ असली तरी बंदूकच. तिला १९५९चा शस्त्र कायदा लागू होतो. परवान्याचं किमान वय २१. ते पूर्वी १६ होतं, १९८३च्या दुरुस्तीने वाढलं. प्रशिक्षणात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली हाताळायलाही वयाची १२ वर्षं पूर्ण लागतात. कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी त्या एवढ्याशा गोळीची धाव दीड किलोमीटरच्या पुढे जाते. धुळ्यात तुमच्या देवपुरातल्या गच्चीवर तिचं काय काम?

खानदेशातल्या पोरांच्या हाती पहिली पॉइंट टू-टू येते ती बहुधा एनसीसीत. जळगावला १८ महाराष्ट्र बटालियन, तुमच्या धुळ्याला ४८. आठवी-नववीतली पोरं चटईवर पालथी पडतात, पंचवीस मीटरवर टार्गेट असतं, मागून उस्ताद हिंदीत हुकूम सोडतो. मोजून मिळालेल्या गोळ्या संपल्या की रिकामी खोकी, म्हणजे काडतुसांच्या पुंगळ्या, गोळा करून मोजली जातात आणि रायफल परत कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जाते. एक खोकं कमी भरलं तर अख्खी तुकडी गवतात शोधत बसते. घरात रायफल असणाऱ्या मुलाला ही शिस्त कोण लावणार?

अंजली भागवतची वाट इथूनच गेली. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात असताना ती एनसीसीत गेली, तिथून नेमबाजीत आली, आणि २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. दहाव्या वर्षी घरी रायफल आली नाही म्हणून तिचं काही अडलं नाही.

तुझ्या सासऱ्यांचा विरोध आहे, असं लिहिलंस. त्यांना दोष देऊ नकोस. आपल्याकडे पेपरात बंदूक येते ती चोपड्याच्या पलीकडल्या उमर्टीच्या बातमीत, गावठी कट्ट्यासोबत. दुसरीकडे, भुसावळजवळ वरणगावला चीन युद्धानंतर उभा राहिलेला आयुध निर्माणी कारखाना लष्करासाठी काडतुसं बनवतो, पण खेळाच्या रेंजवर बघावं तर चांगल्या छर्ऱ्यांचा डबा जर्मनीचा नाहीतर झेक प्रजासत्ताकाचा. या दोन्हींच्या मध्ये खेळ म्हणून बंदूक आपल्या भागात अजून नीट रुजलेली नाही. म्हाताऱ्या माणसाला ती घरात नको वाटणारच.

आता एअर रायफल. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर आणि २० जूलपर्यंतची ताकद असेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेतली रायफल याच्या निम्म्याहूनही कमी, साधारण साडेसात जूलची असते. परवाना नाही म्हणून ती खेळणं ठरत नाही. जवळून लागलेला छर्रा डोळा कायमचा घालवतो. पण दहा मीटरच्या रेंजवर, कोचच्या नजरेखाली, या वयाला हीच योग्य.

दुकानदार तुला आधी कंपनी विचारेल. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, स्टायर ही नावं ऐकून भुलू नकोस. आयात केलेली नवी रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. आधी पोरीला वजनकाट्यावर उभी कर. आंतरराष्ट्रीय नियमात एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते आणि मोठी माणसं त्याच्या जवळपासच खेळतात. दहा वर्षांच्या मुलीचं वजन तीस किलोच्या आत-बाहेर. म्हणजे शरीराच्या सहाव्या हिश्श्याएवढं लाकूड-लोखंड तिने साठ वेळा उचलायचं, उभ्याने, आणि प्रत्येक वेळी अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर स्थिर धरायचं. टार्गेटवरचा दहाचा ठिपका खरोखरच तेवढा असतो. जड रायफल पेलायला मूल कंबर मागे टाकून पाठीला बाक देतं. ती खोड एकदा अंगात भिनली की काढताना कोचचा घाम निघतो, आणि पाठ दुखायला लागते ती वेगळीच.

म्हणून बट आखूड करता येणारी, गालाची पट्टी वर-खाली होणारी, तीन-साडेतीन किलोची ज्युनिअर रायफल बघायची. बट खांद्याला टेकवल्यावर मान पुढे न ताणता डोळा साइटपाशी आला पाहिजे. आपल्याकडे 'वाढत्या अंगाचा' फ्रॉक घेतात. रायफल तशी घ्यायची नाही.

मोडून भरायची स्प्रिंगवाली देशी रायफल काही हजारांत मिळते आणि शालेय स्पर्धांच्या ओपन साइट गटात तीच चालते. पण तिची नळी मोडून स्प्रिंग ताणायला लागणारं बळ दहा वर्षांच्या हातात नसतं. दर गोळीला कोणीतरी भरून द्यायचं, मग नेम धरायचा, यात लय कुठून येणार? शिवाय स्प्रिंग सुटताना रायफल हिसका देते आणि चूक पोरीची की स्प्रिंगची तेच कळत नाही. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी, पीप साइटची, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची, रायफल शिकायला बरी. मुंबईकडची प्रेसिहोल कंपनी अशा रायफली इथेच बनवते, त्या आयातीपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. जुनी घेणार असशील तर नळीच्या आधी सिलिंडर बघ. त्यावर तारीख कोरलेली असते आणि साधारण दहा वर्षांची मुदत असते. अर्ध्या किमतीत मिळालेल्या रायफलचं सिलिंडर बाद निघालं तर स्वस्ताई तिथेच संपली. आणि मे महिन्यात, पारा ४४-४५ला टेकलेला असताना, भरलेलं सिलिंडर बंद गाडीत ठेवून पारोळ्याला जेवायला उतरू नकोस.

याआधी एक काम फुकटात होतं. तिला दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायला सांग आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघू दे. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ फटीत राहतं तो तिचा धनी डोळा. उजव्या हाताच्या पोरीचा डावा डोळा धनी निघाला, तर कोणती रायफल हा प्रश्न कोचसमोर नव्याने मांडावा लागतो, आणि तो पैसे भरण्याआधी मांडलेला बरा. छर्रे शिशाचे असतात; रेंजवर खाणं नाही, बाहेर पडताना साबणाने हात धुणं. मुलांच्या शरीरात शिसं थोडं गेलेलंही चांगलं नाही.

अमेरिकेत हे सगळं उलट चालतं. तिथे पेनसिल्व्हेनियातली एक कंपनी 'माझी पहिली रायफल' म्हणून मुलांच्या मापाची, गुलाबी-निळ्या बटची खरी पॉइंट टू-टू विकत आली आहे. २०१३च्या एप्रिलमध्ये केंटकीत पाच वर्षांच्या मुलाच्या हातून तसल्याच रायफलची गोळी सुटली आणि त्याची दोन वर्षांची बहीण गेली. रायफल त्याला भेट मिळालेली होती, घराच्या कोपऱ्यात उभी असायची, आणि आत गोळी आहे हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. जर्मनी हा नेमबाजांचा देश, पण तिथे छर्ऱ्याची रायफल बाराव्या वर्षी आणि पॉइंट टू-टू चौदाव्या वर्षी, तीही रेंजवर. त्याहून लहान मुलं प्रकाशाच्या झोताने नेम शिकतात. छर्रा नाही, शिसं नाही.

घरी एअर रायफल आली की शेजारची पोरं नकाण्याच्या तलावावर पक्षी मारायला चल म्हणणार, हेही धरून चाल. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो थेट गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशात एअरगनने पक्ष्यांची इतकी वाताहत झाली की २०२१ साली सरकारने लोकांना त्या जमा करायचं आवाहन केलं. दोन हजारांवर बंदुका आल्या.

स्वप्निल कुसळेचं नाव तू पत्रात दोनदा लिहिलंस, म्हणून त्याचंही सांगते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. २००९ला, चौदाव्या वर्षाच्या आसपास, तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. पहिलं वर्ष नुसत्या अंगमेहनतीत गेलं, मग त्याने नेमबाजी निवडली, आणि शिकला आपल्या शेजारच्या नाशिकला. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरच्या तीन पोझिशनमध्ये त्याला ब्राँझ मिळालं. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक. ते वर्षभराचं अंग कमावणं कोणी सांगत नाही, रायफलची किंमत मात्र सगळे सांगतात.

तेव्हा माझं मत विचारशील तर या वर्षी काही घेऊ नकोस. क्लबची रायफल तासावर मिळते, तिच्यावर खेळू दे. पहिले काही महिने छर्ऱ्यापेक्षा उभं राहण्यात आणि नुसतं धरून ठेवण्यातच जातात, त्याला स्वतःची रायफल लागत नाही. बारावं लागेपर्यंत तिची उंची वाढेल आणि आज घेतलेलं माप तसंही चुकेल. तोवर पैसे जॅकेट आणि बुटांवर घाल, तेही जुने चालतील. खेळाडूंना दहावीला मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा हिशोब आत्ताच तिच्यासमोर नको. गुण मिळाले की रायफल माळ्यावर टाकणारी पोरं शाळेत भरपूर पाहिली आहेत.

क्लब बघायला जाशील तेव्हा तिला आत सोड आणि तू अर्धा तास मागे बाकावर बस. 'स्टॉप' म्हटल्याबरोबर सगळी मुलं रायफल खाली ठेवतात का, नळीत सेफ्टी फ्लॅग घालतात का, आणि कोणी टार्गेटकडे गेलेलं असताना कोणी रायफलला हात लावतं का, एवढं बघ. रायफली रात्री कुठे ठेवतात आणि किल्ली कोणाकडे असते, तेही विचार. हे विचारल्याचा कोचला राग आला, तर दुसरा क्लब शोध.

तिची उंची, वजन आणि घड्याळाचा निकाल कळव. सासऱ्यांना नमस्कार सांग, आणि रेंज बघायला त्यांनाही सोबत ने.

तुझी,
आक्का