दहिसर ते चर्चगेट : मुंबईत जेवायचे कुठे?

आपल्यापैकी बहुतेकांचे मुंबईला जाणे होते ते कामापुरते. कुणाचा मुलगा तेथे नोकरीला असतो, कुणाला परळच्या रुग्णालयात आजारी माणसाला न्यायचे असते, तर कुणाचा कागद मंत्रालयात अडकलेला असतो. घरून बांधून नेलेली भाकरी-चटणी पहिल्याच दिवशी संपते आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न पडतो, जेवायचे कुठे? हॉटेलच्या दारापुढे पाय अडखळतो. आत किती पैसे पडतील, काय मागायचे, लोक हसतील का, अशा विचारात माणूस मागे फिरतो आणि वडापाव खाऊन दिवस काढतो.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, हा संकोच सोडून द्यावा. मुंबईतील नावाजलेली जेवणघरे कुणी सुरू केली हे पाहिले, तर बहुतेक ठिकाणी एखाद्या गावाहून पोटासाठी आलेला माणूसच सापडतो. त्याने आपल्या मुलखाची चव बरोबर आणली आणि आपल्यासारख्याच परगावच्या माणसांना जेवू घातले. म्हणजे ही घरे मुळात आपल्यासारख्यांसाठीच निघाली.

आपण दहिसरपासून सुरुवात करू. पश्चिम रेल्वेवर बृहन्मुंबईचे हे शेवटचे स्टेशन. पुढचे मीरा रोड ठाणे जिल्ह्यात येते. पालघर, डहाणू किंवा गुजरातकडून महामार्गाने येणाऱ्याला मुंबई येथेच प्रथम भेटते. 1957 साली महापालिकेची हद्द येथपर्यंत वाढली. त्यापूर्वी हे गावच होते. तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी गावातून खाडीकडे जाते. आज येथे कोकणातला, घाटावरचा, गुजरातेतला आणि दक्षिणेतला माणूस शेजारी शेजारी राहतो, आणि स्टेशनाभोवतीच्या गल्ल्यांतून फिरले की फोडणीच्या वासावरूनही ते कळते. येथे उतरलेल्या माणसाने सकाळी गर्दीच्या वेळी लोकलमध्ये शिरण्याचा हट्ट धरू नये. नाश्ता करावा आणि दहा-अकरानंतर निघावे. अंधेरीपर्यंत जाणाऱ्याला दहिसर पूर्वेहून मेट्रोही आहे.

गाडी दक्षिणेकडे निघाली की पहिला मुक्काम वांद्र्याला. पूर्वेस गांधीनगरात ‘हायवे गोमंतक’ हे माशांच्या जेवणासाठी प्रसिद्ध असलेले घर आहे. घाटावरच्या माणसाला मासे म्हटले की काट्याची धास्ती वाटते. त्याने सुरमईची तुकडी मागवावी, तिच्यात काटा कमी असतो. आमटीत ओले खोबरे असते आणि शेवटी सोलकढी येते. ती आमसुलाची. कोकणात बांधावर आणि परसात वाढणाऱ्या रातांब्याचे हे साल. त्यावर नारळाचे दूध घातले की शहरात त्याला मान मिळतो.

पुढे दादर. येथे पश्चिमेस शिवसेना भवनाच्या परिसरात ‘आस्वाद’ आणि ‘प्रकाश’ ही दोन मराठी उपाहारगृहे आहेत. थालीपीठ, मिसळ, साबुदाणा वडा, पियूष असे घरचेच पदार्थ. आस्वादच्या मिसळीला 2015 साली लंडनमध्ये जगातील उत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला. त्या मिसळीत मुख्य काय, तर मोड आलेली मटकी! हलक्या रानात कमी पावसावर येणारे हे कडधान्य आपण बाजरीत आंतरपीक म्हणून टाकतो आणि फारसे लक्षही देत नाही. साबुदाणा मात्र आपल्या शेतातला नव्हे. तो तमिळनाडूत सेलमच्या बाजूला टॅपिओकाच्या कंदापासून करतात. वड्यातील शेंगदाणा तेवढा आपला. वडापावही याच दादरचा. 1966 च्या सुमारास स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे मानले जाते.

दादरजवळच परळ-लालबागचे गिरणगाव आहे. आज जेथे उंच इमारती दिसतात तेथे कापडगिरण्यांची धुराडी होती. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे गडी कुटुंब गावी ठेवून येत, एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि चाळीतल्या एखाद्या बाईच्या खाणावळीत जेवत. त्या बाया पहाटेपासून चुलीपुढे असत. पैसे महिनाअखेर मिळत, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्यांच्याकडे तारण म्हणून फक्त दोन हात होते, त्यांना बँकेने दारात उभे केले ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, गिरण्या मोडल्या, जेवणारे गडी गावोगाव पांगले आणि घरगुती खाणावळीही एकामागून एक बंद पडल्या. आज तेथे हिंडताना हे आठवावे. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी-चुलत्यांनी तेथे अन्न खाल्ले आहे.

दादरला मध्य रेल्वेची गाडी धरली की पुढचेच स्टेशन माटुंगा. स्टेशनाला लागूनच ‘रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ आहे, 1942 साली सुरू झालेले. उडुपीच्या बाजूची पोरे लहानपणीच मुंबईस येत, कपबशा धूत आणि स्वयंपाक शिकत. त्यांतूनच असे मालक तयार झाले. येथे केळीच्या पानावर भात, सांबार, रसम्, भाज्या असे साधे जेवण मिळते. जवळच किंग्ज सर्कलला ‘कॅफे मद्रास’ आहे, 1940 चे. तेथे इडली-डोसा आणि गाळलेली कॉफी घ्यावी. डोशाचे पीठ म्हणजे तांदूळ आणि उडीद. आपल्याकडेही दोन्ही पिकतात. फरक आहे तो आंबवण्याच्या कौशल्याचा.

पुन्हा दादरला येऊन पश्चिम रेल्वेने मरीन लाइन्सला उतरावे. धोबीतलावावर ‘कयानी आणि कंपनी’ हे 1904 चे इराणी हॉटेल आहे. इराणातून, विशेषतः याझ्द भागातून, दुष्काळाला आणि छळाला कंटाळून आलेल्या लोकांनी ही हॉटेले काढली. कडक ब्रून पावाला लोणी लावून चहात बुडवून खावा. एका चहावर माणूस येथे घटकाभर बसू शकतो, म्हणून गरिबाला ही हॉटेले जवळची वाटत. आता थोडीच उरली आहेत. बॅलार्ड इस्टेटमधील 1923 चे ‘ब्रिटानिया’ हे अशांपैकी दुसरे. तेथील पुलावात इराणातून येणारी आंबट लाल फळे घालतात, एका काटेरी झुडपाची. आपण बांधावरची करवंदे कावळ्यांना सोडतो, तर इराणी शेतकरी आपल्या काटेरी झुडपाची फळे वाळवून समुद्रापार विकतो!

धोबीतलावावरून काळबादेवी चालत जाण्याइतकी जवळ आहे. तेथे 1945 सालचे ‘ठाकर भोजनालय’ आहे. गुजरातेतून व्यापाराला आणि नोकरीला आलेल्या एकट्या माणसांसाठी या भागात अशी भोजनालये निघाली. ताटात एकापाठोपाठ एक वाट्या भरत जातात, वाढपी आग्रह करतो, आणि भात येईपर्यंत पोट भरलेले असते. येथे भूक ठेवून जावे.

चर्चगेटला आलात तर आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. हल्ली तालुक्याच्या एसटी स्टँडवर गाड्यावर जो मंचुरियन मिळतो, तो चीनमधला नव्हे. कलकत्त्याचे चिनी वंशाचे आचारी नेल्सन वाँग यांनी 1975 साली येथल्या क्रिकेट क्लबात आले-लसूण-मिरची आणि सोया घालून कोंबडीचा हा पदार्थ केला. त्याचीच कोबीची आवृत्ती आपल्या गावापर्यंत आली.

आता व्यवहाराच्या गोष्टी. दाराशी किंवा भिंतीवर दरपत्रक असते. ते आधी वाचावे, नसेल तर वाढप्याला विचारावे. त्यात कमीपणा नाही. ताट मर्यादित आहे की हवे तेवढे वाढतात, हेही विचारून घ्यावे. एक ते दोन ही कचेऱ्यांची जेवणाची वेळ, ती टाळावी. एकाच टेबलावर अनोळखी माणसे बसतात, त्यात वावगे नाही. बरेच ठिकाणी दुपारनंतर स्वयंपाकघर बंद असते आणि आठवड्याची सुट्टीही असते, म्हणून लांब जाण्यापूर्वी चौकशी करावी. बरोबर आजारी माणूस असेल तर त्याला तिखट-तेलकट देऊ नये. दहीभात किंवा इडली बरी.

आणखी एक हिशेब मात्र प्रत्येकाने करून यावा. मराठी जेवणघरात भाकरी मागवा आणि एका भाकरीचा दर पाहा. एक किलो पिठाच्या साधारण बारा भाकऱ्या होतात. दराला बाराने गुणा आणि आपल्या बाजार समितीत एक किलो ज्वारीला काय मिळाले ते शेजारी लिहा. मधल्या फरकात मुंबईचे भाडे, गॅस, मजुरी, कर हे सगळे आहे. मालक लुटतो असे म्हणून भागणार नाही. पण त्यात भाकरी थापणाऱ्या हाताची किंमतही आहे, आणि ते हात आपल्या घरी आहेत. 1995 साली सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली, तेव्हा ती गरिबाचे अन्न समजली जाई. आज शहरातला खाऊनपिऊन सुखी माणूस तीच हौसेने मागतो.

महामार्गाच्या कडेच्या गावांतील, तालुक्याच्या ठिकाणच्या महिला बचत गटांनी हे ध्यानात घ्यावे. दवाखान्यापाशी, कॉलेजपाशी, बाजाराच्या दिवशी स्वच्छ भाकरी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ आणि ताक देणारी खाणावळ चालेल की नाही, याचा दोन महिने लहान प्रमाणावर प्रयोग करावा. भांडवल थोडे घालावे, रोजचा जमाखर्च लिहावा, उधारी वाढू देऊ नये. गिरणगावातल्या बायांना उधारीनेच सर्वांत जास्त छळले होते. मुंबईला जाल तेव्हा पोटभर जेवा, आणि जेवताना वाढणाऱ्याचे काम कसे चालते तेही पाहून या.