अर्धा नांगर

‘खारे वारे व मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आमच्या मराठी शाळेत भूगोलाच्या पेपरात हटकून यायचा. जमीन लवकर तापते व लवकर निवते, पाणी उशिरा तापते व उशिरा निवते, एवढे पाठ असले की दोन गुण खिशात. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. हे दोन गुण मी कितीदा मिळवले ते आठवत नाही. पण मतलई वारा अंगावर घ्यायला विसावे वर्ष उजाडावे लागले, आणि तो धडा दोन गुणांत आटोपला नाही. त्याचे अकराशे रुपये पडले. पैकी चारशे अजून देणे आहेत.

माझी मावशी कारवारला कोडीबागेत राहते. बेळगावहून निघालेली बस खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करीत अणशी घाट उतरते आणि मग काळी नदी सोबतीला येते ती थेट समुद्रापर्यंत. नदीच्या उत्तरेला सदाशिवगड, दक्षिणेला कोडीबाग आणि पुढ्यात अरबी समुद्र. मावशीच्या शेजारी आबा राहतात. जात खारवी, वय सत्तरीच्या आसपास. मुलगे मोठ्या यांत्रिक बोटींवर जातात; आबांनी मात्र स्वतःपुरती फायबरची एक लहान होडी ठेवली आहे आणि हौशी पाहुण्यांना ते गरीने मासे धरायला नेतात. सकाळच्या एका फेरीचे पंधराशे रुपये. त्यात सुंगटे, तंगूस, गऱ्या आणि आबांचे बोलणे सर्व आले. मासा मात्र त्या दरात धरलेला नाही, हे ते आधीच सांगतात.

त्यांच्या मागल्या वर्षीच्या फेरीत मला दोन किलोची एक चोणक मिळाली होती. पहिल्याच व्यवहारात नफा झालेल्या माणसाचे जे होते तेच माझे झाले. गेल्या डिसेंबरात परीक्षा संपताच मी पुन्हा कारवार गाठले, आणि या खेपेस वर्गातल्या माझ्या धारवाडकडच्या मित्रालाही ओढून नेले. हा मित्र अंड्यालाही न शिवणारा. त्याला समुद्र पाहायचा होता. माशाशी त्याचे काही वैर नव्हते आणि मैत्रीही नव्हती.

पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर पोहोचलो. अमावास्येचा दुसरा दिवस, ओहोटी संपत आलेली. बेळगावच्या थंडीत वाढलेली आम्ही पोरे, कारवारची थंडी ती काय, म्हणून मी स्वेटर घरीच ठेवला होता. मावशीने कानटोपी पुढे केली तर मी हसलो. होडीत बसलो आणि नदीच्या खोऱ्यातून, घाटाच्या बाजूने तो वारा आला. पाठीवर कुणी ओले फडके झटकावे तसा! उभ्या जमिनीवर थंडी वाजणे निराळे आणि भिजल्या सदऱ्याने वाऱ्यात बसणे निराळे. आबांनी कानटोपी, वर रेनकोट घातला होता. त्यांनी आम्हाला जीवरक्षक जाकिटे चढवायला लावली आणि बोटाने मोजले : एक, दोन, तीन. तिसरे ते स्वतः.

हे मोजणे मागल्या वर्षीही पाहिले होते. तेव्हा मावशीला विचारले तर ती म्हणाली, “जत्रेची बोट बुडाल्यापासून मोजतात.” २१ जानेवारी २०१९ रोजी कूर्मगडाच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट समोरच्या समुद्रात उलटली आणि सोळा माणसे गेली. ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर काळीवरचा जुना पूल कोसळून एक ट्रक नदीत पडला, तेव्हाही चालकाला वाचवायला पोलिसांबरोबर इथले मच्छीमारच धावले होते. अशा पाण्याकाठी राहणारा माणूस मोजणारच. मी मात्र त्या सकाळी ते मोजणे पाहून मित्राकडे बघत डोळे मिचकावले. आज ते आठवले की बरे वाटत नाही.

“आज भितरच, भायर ना,” आबा म्हणाले. म्हणजे आज नदीत आतच, कांदळवनाच्या आडोशाला. मुखाशी जायचे नाही. वारा बरा नाही.

आणि इथे माझ्यातला कॉमर्सचा विद्यार्थी जागा झाला. मी म्हणालो, “आबा, आत काळुंदरे मिळतील, फार तर एखादी तांबोशी. चोणक मुखाशीच आहे, तुम्हीच सांगितलं होतं. पंधराशे रुपये देऊन हा एवढ्या लांबून आला आहे. अर्धा तास तरी जाऊ या.” हिशेब मांडण्याचा माझा सूर इतका पक्का होता की मलाच तो पटला. (मित्र लांबून आला होता हे खरे, पण त्याला चोणक आणि काळुंदर यांत भेद कळत नव्हता, हे मी सांगितले नाही.) आबांनी पाण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “अर्धा तास,” ते म्हणाले आणि इंजिनाची दोरी ओढली.

मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीचे पाणी दांड्याच्या कडेने खोल भागात उतरते. त्याबरोबर सुंगटे वाहत येतात आणि चोणक कडेच्या खाली तोंड प्रवाहाकडे करून उभी राहते. तिला धावावे लागत नाही, घास तोंडाशी येतो. आबांनी नांगर टाकला, होडी स्थिर केली आणि जिवंत सुंगट शेपटीकडून गरीला कसे लावायचे ते पुन्हा दाखवले. तंगूस तर्जनीवरून सोडायचा, शिसे तळाला टेकले की वीतभर उचलायचे. “थंडीत मासा आळशी,” आबा म्हणाले. “झडप घालणार नाही, नुसता ओढून बघेल. पहिल्या ओढीला हिसका देऊ नको. तो वळला की मग.” थंड पाण्यात माशाचे अंगच मंदावते. गार पडलेल्या बोटांना ती हलकी ओढ कळणे हेच तर कठीण काम.

इतक्यात मित्राने विचारले, “गाळ एल्लैति?” मी होडीच्या तळाशी चिखल शोधू लागलो. कन्नडमध्ये गाळ म्हणजे आपली गरी, आपला गळ! आणि गाळी म्हणजे वारा. तो पुढे म्हणाला, “गाळी भाळ ऐति.” वारा फार आहे. आमचे दोन गाळ आणि त्याची एक गाळी यांवरून आम्ही दोघे खूप हसलो. आबा हसले नाहीत. ते पाण्याचा रंग पाहत होते.

माझी वीस मिनिटे कोरडी गेली. बोटे दगडासारखी झाली होती. आणि मग मित्राच्या, त्या शाकाहारी माणसाच्या, हातातला तंगूस सरकू लागला. “अज्जा, मीन सिक्त नोड्री!” तो ओरडला. मासा सापडला खरा. चोणक पाण्याबाहेर अर्धी उसळली, डोके झाडले आणि चांदीच्या ताटासारखी पुन्हा आत गेली. माझ्या चोणकीच्या दुप्पट असेल. मी उठून उभा राहिलो. होडीत उभे राहायचे नाही हे मला माहीत होते.

नेमके त्याच वेळी पाणी फिरले होते. माशाच्या नादात मी ते पाहिलेच नाही. भरती समुद्राकडून आत येऊ लागली आणि वारा जमिनीकडून बाहेर जात होता. पाणी वाऱ्याच्या विरुद्ध गेले की लाट लोळत नाही, उभी राहते. नांगरावरच्या होडीला पाणी एकीकडे ओढते, वारा दुसरीकडे, आणि ती आडवी पडते. तशी आमची पडली. पहिली लाट कडेवरून आत आली ती घोट्याइतकी. आबा नांगर ओढायला गेले, तो निघेना. दोर होडीच्या खाली गेला होता आणि खाली काहीतरी धरून बसला होता. खडक म्हणा, पडलेल्या पुलाचे एखादे लोखंड म्हणा, कुणी पाहिले? दुसरी लाट आली. दोर ताणल्यामुळे होडीची ती बाजू वर यायलाच तयार नव्हती.

“बस!” आबा ओरडले. एवढा मोठा आवाज त्यांना आहे हे मला ठाऊक नव्हते. मी बसलो. त्यांनी कमरेची सुरी काढली आणि दोन फटक्यांत दोर कापला. होडीने एकदम डोके वर काढले. मित्राचा तंगूस केव्हा तुटला हे त्यालाही सांगता येत नाही. चोणकीच्या गालफडाची कड धारदार असते, तिनेच कापला असेल. आबांनी इंजिन सुरू केले, तोंड नदीत आत घेतले. मी डबड्याने पाणी उपसू लागलो. दात वाजत होते, आणि ते थंडीनेच वाजत होते असे मी मित्राला सांगितले.

किनाऱ्याला लागल्यावर आबांनी पुन्हा मोजले. एक, दोन, तीन. या वेळी मी डोळे मिचकावले नाहीत.

मावशीकडे चहा घेताना मी धीर करून म्हणालो, “आबा, नांगराचे पैसे मी देईन.” मला वाटले होते, ते ‘राहू दे रे पोरा’ म्हणतील. गोष्टींत म्हातारे तसे म्हणतात. आबांनी बशी खाली ठेवली आणि हिशेब केला. लोखंडी नांगर, वीस वाव दोर, मिळून बावीसशे. “अर्धे तुझे,” ते म्हणाले. “तू हट्ट केलास. अर्धे माझे. मी तुझे ऐकले.” फेरीचे पंधराशे वेगळे. तेही त्यांनी मोजून घेतले.

हे ‘अर्धे माझे’ मला अजून पचलेले नाही. पूर्ण रक्कम मागितली असती तर देऊन मोकळा झालो असतो. माफ केली असती तर दोन दिवस लाजून विसरलो असतो. भागीदारीचे अख्खे प्रकरण मी परीक्षेसाठी घोटले आहे : नफातोट्याचे प्रमाण, भांडवलावरील व्याज, भागीदाराची निवृत्ती. पण विसाव्या वर्षाचा एक अर्धवट पोर आणि पन्नासेक वर्षे समुद्रात काढलेला माणूस यांची तोट्यात समान भागीदारी कशी होते? त्यांना वारा कळत होता, मला कळत नव्हता. मग त्यांचा वाटा जास्त की माझा? मित्राच्या मते त्यांचाच जास्त, कारण होडीचा मालक तो. मला ते पटत नाही. ज्याला कळत नाही त्याने एवढ्या ठाम सुरात बोलावेच का? आम्ही दोघे यावर परतीच्या बसमध्ये जोयड्यापर्यंत भांडलो, तो कन्नडमध्ये, मी मराठीत.

घरी बाबांना सांगितले, “नांगराचे अकराशे द्यायचे आहेत.” आमचे घर शेतकऱ्याचे. बाबांनी विचारले, “कुणाचा मोडलास?” समुद्रातही नांगर असतो हे त्यांना सांगावे लागले. (कन्नडमध्ये ही अडचण नाही, तिथे शेतातला तो नेगिलु आणि होडीचा तो लंगरु.) सगळे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले आणि एवढेच विचारले, “पोहता येते का रे त्या तुझ्या मित्राला?”

येत नाही. मी त्याला हे होडीत बसण्यापूर्वी विचारलेच नव्हते.

अकराशेतले सातशे मी शिकवणीच्या पैशांतून मावशीच्या हाती पाठवले. आबांनी नवा नांगर घेतला आहे, पहिल्यापेक्षा जड, असे ती फोनवर म्हणाली. उरलेले चारशे मी स्वतः नेऊन द्यावेत असा त्यांचा निरोप आहे. शिमग्यानंतर ये म्हणतात, तोवर सकाळचा मतलई नरमतो. मित्रही येणार आहे. सध्या तो रोज संध्याकाळी तलावावर पोहायला शिकतो, आणि मी काठावर बसून त्याचे कपडे सांभाळतो.