दोदोलचा डबा

आमच्या वैभववाडीला समुद्र नाही. सिंधुदुर्ग म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे मालवणचा किनारा, किल्ला आणि माडांच्या रांगा उभ्या राहतात; परंतु आमचा तालुका सह्याद्रीच्या कुशीत, करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या पायथ्याशी वसलेला. असे असूनही आमच्या घरची चूल दोन पिढ्या समुद्राच्या आधारानेच पेटत आली आहे. वडील परदेशी जाणाऱ्या बोटींच्या भटारखान्यात होते, आणि आज थोरल्या बहिणीचा मुलगा एका क्रूझ बोटीवर प्रवाशांच्या खोल्या आवरण्याचे काम करतो.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, त्या निमित्ताने मुलीने आम्हां उभयतांसाठी त्याच बोटीची तिकिटे काढली. २०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून निघायचे, गोव्याला मुरगाव बंदरात एक दिवस थांबायचे आणि सोमवारी सकाळी पुन्हा मुंबई. खरे सांगायचे तर असल्या चैनीची आम्हांस हौस नव्हती. भाच्याला पाहून दीड वर्ष झाले होते, म्हणून आम्ही होकार दिला.

बहिणीने दोदोल करून दिला. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि काळा माडाचा गूळ, हे सारे चुलीवर चढवून कडेने तेल सुटेपर्यंत ढवळत राहायचे. तिच्या वयात हे काम सोपे नव्हे. डब्याला फडके बांधताना तिने एवढेच सांगितले की, तो तुमच्यासमोर खाईल तर बरे.

घरचे खाद्यपदार्थ बोटीवर नेता येत नाहीत, हे आम्हांस ठाऊक नव्हते. तपासणीच्या वेळी डबा ठेवून घेण्यात आला आणि आमच्या हाती एक बिल्ला देण्यात आला. उतरताना डबा परत मिळणार होता.

भाचा पहिल्याच रात्री भेटला. वरिष्ठांची परवानगी घेऊन तो दहा मिनिटांसाठी आमच्या मजल्यावर, उद्वाहकाजवळ आला. अंगात गणवेश, छातीवर नावाची पट्टी, चेहरा उतरलेला. प्रवाशांच्या जिन्यांवरून आणि दिवाणखान्यांतून कामगारांना सहज वावरता येत नाही. त्यांचे जेवणघर, झोपण्याच्या खोल्या, ये-जा करण्याचा मार्ग, सारे खाली, पाण्याच्या पातळीच्या आसपास. आपण ज्या गालिच्यावरून चालतो त्याच्या खाली एक दुसरे गाव अहोरात्र राबत असते. डब्याची हकीकत ऐकून तो हसला. म्हणाला, "सोमवारी नव वाजता मी धक्क्यार भायर येतंय. थंयच खावया." मग जरा थांबून, आईला एक गोष्ट सांगायची आहे, फोनवर नको, तुमच्यापाशी सांगेन, असे म्हणाला आणि घड्याळाकडे पाहत निघून गेला.

येथे आमच्या चुकीचा उल्लेख केला पाहिजे. बहिणीच्या घरालगतच्या जमिनीची मोजणी कित्येक महिने रखडली होती. आम्हीही सहहिस्सेदार. प्रवासाला निघण्याच्या दहा दिवस आधी नोटीस आली: सोमवार, दुपारी दोन वाजता सर्वांनी हजर राहावे. पहाटे मुंबईहून कोकणात सुटणाऱ्या गाड्या बोट धक्क्याला लागण्याआधीच निघतात, आणि सकाळच्या गाडीने वैभववाडी गाठेपर्यंत दोन वाजून जातात. उरले विमान. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाचा विमानतळ सुरू झाला आहे. तेथून महामार्गाने सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, तळेरे करीत शंभराहून थोडे अधिक किलोमीटर. आम्ही सकाळी नऊ चाळीसचे विमान घेतले. भाच्याने महिनाभर आधीच बजावले होते, "मामानू, एकाच्या आदी सुटणारां इमान घेव नकात." बोट वेळेवर आली तरी प्रवासी वेळेवर उतरतातच असे नाही, हे तो रोज पाहत होता. त्या रात्री उद्वाहकाजवळ आम्ही त्याला विमानाची वेळ सांगायला हवी होती. सांगितली नाही. त्याचा चेहरा पाहून शब्द ओठांवर आला नाही, आणि दोन्ही जमेल अशी एक भाबडी आशाही होती.

गोव्याच्या दिवसाविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. मुरगावला उतरून तडक घरी जाण्याचा विचार पत्नीने बोलून दाखवला. तो सर्व दृष्टींनी शहाणपणाचा होता. पण मध्येच उतरायचे तर पूर्वपरवानगी हवी, आणि मुख्य म्हणजे नऊ वाजताची भेट हुकणार. भेटीसाठीच आम्ही बोटीवर राहिलो.

संध्याकाळी बोट मुरगावहून निघाली. आत वाद्यवृंद चालू होता. आम्ही उभयता वरच्या डेकवर उजव्या कठड्याला खुर्च्या ओढून बसलो. उत्तरेकडे जाताना आपला किनारा उजवीकडे असतो. अंधार दाट झाल्यावर दूरवर दीपगृहांचे झोत दिसू लागले. रात्री उशिरा एक झोत दिसला तो देवगडचा असावा, असा आम्ही हिशेब केला. म्हणजे पुढे विजयदुर्ग. आणि विजयदुर्गच्या मागे, वाघोटणच्या खाडीच्या वरच्या अंगाला खारेपाटण, आणि त्याच्या पलीकडे आमचे घर. घरावरून आम्ही चाललो होतो. मुंबईला जाऊन, तेथून विमानात बसून, ओलांडलेला हाच किनारा पुन्हा ओलांडून गोव्याच्या सीमेवर उतरायचे आणि मग उलटे वर यायचे! या द्राविडी प्राणायामाचे आम्हां दोघांनाही हसू आले.

वडिलांच्या काळी असे नव्हते. परदेशी बोटीवरून सुटले की ते भाऊच्या धक्क्यावर किनाऱ्याची आगबोट धरीत. 'कोंकण सेवक', 'कोंकण शक्ती' ही नावे आमच्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असतील. त्या बोटी रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांवर माणसे उतरवीत पणजीला जात. पावसाळ्याचे चार महिने बंद. जेथे बोट धक्क्याला लागत नसे तेथे ती खोल पाण्यात उभी राही आणि पडाव येऊन बिलगत. लाटेबरोबर पडाव वर आला की पाय टाकायचा, खाली गेला की थांबायचे. ट्रंका, पोरे, म्हाताऱ्या, कोंबड्यांची खुराडी, सारे त्याच बेताने उतरे. वडील विजयदुर्गला उतरत. आई आदल्या दिवशीच बंदरावर जाऊन ओळखीच्यांकडे मुक्काम करी, कारण बोटीची वेळ नक्की नसे. तिला उशिराची तक्रार करताना आम्ही कधी ऐकले नाही. बोट ज्या वेळी दिसे तीच बोटीची वेळ. ती किनाऱ्याची वाहतूक पुढे बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली आणि 'वैभववाडी रोड' असे पाटी लावलेले स्थानकच दाराशी आले. तक्रारीला जागा नाही. त्या रात्री मात्र काळोखातल्या किनाऱ्याकडे पाहताना, कोणी पडाव घेऊन यावे असे क्षणभर वाटून गेले.

खोलीत परतलो तर दाराखालून हिशेबाचा कागद आणि उतरण्याच्या सूचना सरकवलेल्या. सामानाला रंगीत चिठ्ठी बांधून ते मध्यरात्रीपूर्वी दाराबाहेर ठेवावे, सकाळी ते धक्क्यावरच्या दालनात मिळेल. प्रवाशांनी रंगाच्या क्रमाने उतरावे. आमच्या रंगाची पाळी साडेआठची होती. साडेआठला उतरून सामान शोधून नऊ चाळीसचे विमान गाठणे अशक्य. विमानाच्या खिडकीवर सामान घेणे तासभर आधीच बंद होते, हे कोणाला सांगावयास नको. पत्नी म्हणाली, विमान सोडून देऊ. आम्ही म्हणालो, मोजणी पुन्हा कधी लागेल कोण जाणे. या विषयावर आमचे बोलणे बराच वेळ चालले. ते सारे येथे लिहीत नाही.

रात्री एक वाजता आम्ही स्वागतकक्षात गेलो. तेथील मुलीने शांतपणे ऐकून घेतले. ज्यांना स्वतःचे सामान स्वतः उचलून नेता येते त्यांना पहिल्या तुकडीत, सात वाजता, सोडतात. तिने आमची नावे लिहून घेतली. भाच्याला निरोप देता येईल का, असे विचारले. तो खाली झोपला असेल, पहाटे कामावर चढेल, चिठ्ठी द्या, असे ती म्हणाली. आम्ही चिठ्ठी लिहिली. चार ओळींची चिठ्ठी, पण तीन कागद फाडावे लागले. मोजणी, विमान, वेळ, सारे लिहून झाले; तू काय सांगणार होतास, हे विचारण्याचे राहून गेले ते चिठ्ठी दिल्यावर ध्यानात आले.

सकाळी सातला दोर बांधले गेले, फळी लागली, आणि आम्ही बॅगा ओढत पहिल्या तुकडीत उतरलो. परतीचा दिवस बोटीवरच्या कामगारांचा सर्वांत कष्टाचा. त्याच संध्याकाळी नवे प्रवासी चढायचे असतात. तोवर प्रत्येक खोलीची चादर न् चादर बदलायची. आमच्या मजल्यावर मळक्या कपड्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. त्यांच्यामागे तो कोठे दिसतो का, हे आम्ही पाहिले. नाही दिसला. खाली बिल्ला दाखवताच डबा मिळाला. फडक्याची गाठ तशीच होती.

याच बॅलार्ड पिअरवर इंग्रजांच्या राज्यात विलायतेची टपालबोट लागे आणि प्रवासी धक्क्यालगतच्या स्थानकातून थेट आगगाडीत चढत. १९२८ पासून धावू लागलेली फ्रंटियर मेल हंगामात तेथूनच सुटे. बोट आणि गाडी यांचा असा मेळ साहेबासाठी घातलेला होता, हे खरेच. पण मेळ होता. आम्ही टॅक्सीत बसलो. सागरी किनारा मार्गामुळे विमानतळ अपेक्षेपेक्षा लवकर आला. आठला पाच मिनिटे कमी असताना आम्ही आत होतो.

विमान दोन तास उशिरा सुटणार असल्याची सूचना साडेआठला फलकावर लागली.

नऊ वाजता आम्ही दोघे खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलो होतो. डबा पत्नीच्या मांडीवर. परत जाऊन येण्याइतका वेळ नव्हता, आणि बसून राहण्याला मात्र भरपूर होता. भाच्याला फोन लावला. कामाच्या वेळी त्यांना फोन जवळ ठेवता येत नाही. सव्वानऊला पत्नी म्हणाली, "आता तो आत गेला असेल." त्यानंतर आम्ही त्याविषयी बोललो नाही.

वैभववाडीला पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आधीच्या ठिकाणचे काम लांबल्यामुळे मोजणीवाले तासापूर्वीच आले होते. साखळी ओढण्याचे दिवस गेले; आता काठीवर बसवलेले रोव्हर नावाचे यंत्र उपग्रहांच्या आधाराने खुणा नोंदवते. साडेपाचला सह्या झाल्या. दुपारच्या विमानाने आलो असतो तरी सहीपुरते पोहोचलो असतो, हे आमच्या मनात आले आणि पत्नीच्याही आले असावे, कारण तिने आमच्याकडे पाहिलेच नाही.

माणसे गेल्यावर बहीण पडवीत आली. "तेका गावलंस मां?"

"गावलंय," आम्ही म्हणालो. ते खोटे नव्हते. एवढ्यात तिची नजर पत्नीच्या हातातल्या डब्यावर गेली. तिने तो घेतला, फडके सोडले, झाकण उघडून वास घेतला आणि पुन्हा गाठ मारली. आम्ही सर्व हकीकत सांगितली. ती मध्ये काही बोलली नाही.

बोट सुटण्याआधी, संध्याकाळी त्याचा फोन आला. तो नऊला बाहेर आला होता. दोन खोल्या मित्राच्या अंगावर टाकून वीस मिनिटे मिळवली होती. चिठ्ठी हातात पडली ती दुपारच्या जेवणानंतर. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. मग त्याने आईला फोन द्यायला सांगितला, आणि जे फोनवर सांगायचे नव्हते ते फोनवरच सांगितले. परदेशी बोटीचे काम मिळाले आहे. नऊ महिने. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहूनच विमान. मध्ये घरी येणे होणार नाही.

बहिणीने फोन कानाला घट्ट धरून सारे ऐकून घेतले. जेवलास काय, पाठ दुखते काय, एवढेच विचारले. डब्याचे नाव काढले नाही. फोन ठेवल्यावर काही वेळ ती डब्यावर हात ठेवून बसून राहिली.

"दोदोल आठ दीस टिकता," ती म्हणाली. "बोट परत कदी लागतली मुंबयक?"

भिंतीवरचे कॅलेंडर पाहून आम्ही सांगितले, गुरुवारी सकाळी. ती उठली आणि तिने आपले लुगडे, चष्मा व औषधांची पिशवी एका थैलीत भरायला घेतली. बुधवार रात्रीच्या गाडीची तीन तिकिटे आम्ही त्याच संध्याकाळी काढली. परतीचे तिकीट काढले नाही.