मृग आणि ऐप्पसी

भाच्याचे पत्र आले, त्यात मजकुरापेक्षा तक्ताच मोठा होता. कॅनडात टोरांटो आणि व्हँकूव्हर अशा दोन ठिकाणी त्याला नोकरी मिळण्याजोगी आहे, आणि कोठे बिऱ्हाड करावे हे ठरवावयाचे आहे. एका रकान्यात टोरांटोचा गोठवणारा हिवाळा. दुसऱ्यात व्हँकूव्हरची सौम्य, परंतु महिनोन्‌महिने भिजट अशी थंडी. खाली त्याने विचारले होते, ‘मामा, तुम्हीही हवामानासाठीच गाव बदललेत. तुम्ही काय काय पाहिलेत?’

वस्तुतः आम्हीही तक्ताच पाहिला होता. पत्नीला दमा. पुण्याचा हिवाळा तिला दर वर्षी अधिकाधिक जड जाऊ लागला होता. पहाटे पारा दहा-बारा अंशांवर, दुपारी तीसच्या आसपास. या चढउतारात तिचा श्वास कोंडे. मुलगी चेन्नईला नोकरीस होती, आणि तेथे जानेवारीच्या रात्रीही तपमान वीस अंशांच्या खाली क्वचितच उतरते. मी सेवानिवृत्त झाल्यावर २०१८ साली आम्ही वेस्ट मांबलममध्ये, मांबलम स्थानकापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, तळमजल्यावरचे घर भाड्याने घेतले. तक्त्याने आम्हांला फसविले नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. गेल्या कित्येक हिवाळ्यांत पत्नी रात्रभर शांत झोपली आहे.

परंतु सरासरीच्या आकड्यांत ऋतू मावत नाहीत. चेन्नईत वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. हा आकडा वाचून पत्नी सुखावली होती. मात्र त्यातील निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीवर रिते होतात आणि घाटापलीकडच्या या किनाऱ्यावर जून महिना सदतीस अंशांनी तळपत राहतो. कालिदासाचा मेघही रामगिरीवरून निघतो तो उत्तरेकडे. इकडे येण्याचे त्याला कारणच नव्हते.

पहिल्या मे महिन्यात पत्नीने सवयीप्रमाणे पावसाळ्याची बेगमी केली. गच्चीवर सांडगे, पापड, कुरडया वाळल्या, डबे भरले. सात जूनला मृग लागला. ती दिवसभर खिडकीशी जाऊन येत होती. बाहेर झावळीसुद्धा हालत नव्हती. ते २०१९ साल होते. शहराला पाणी देणारे तलाव तळाला गेले होते. आमच्या गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग लागे. जुलैत जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा मिरजेहून लातूरला गेलेली २०१६ सालची पाण्याची गाडी आठवली. ऑक्टोबरात खरा पाऊस आला तोवर आमचे डबे रिकामे झाले होते.

आमच्या शेजारी तंजावरी मराठी बोलणाऱ्या एक वृद्ध बाई राहतात. एकोजीराजांनी तंजावर घेतल्याला साडेतीनशे वर्षे होत आली. तेव्हापासून त्यांचे घराणे तमिळ देशी आहे. घरात मराठी टिकली, ऋतू मात्र बदलले. पाऊस म्हटला की त्यांना दिवाळी आठवते, ऐप्पसी महिन्याची झड आठवते. ‘मृगाचा पाऊस’ हे शब्द त्यांना समजले, पण त्यांच्या मनात काही हालले नाही. मी आयुष्यभर वर्गात ज्याला ऋतुप्रतिमा म्हणत आलो, ती भाषेत नसून भूमीत रुजलेली असते, हे मला त्या दिवशी उमगले. तमिळ काव्यशास्त्राला ते फार पूर्वीच ठाऊक होते. तोल्काप्पियमने मुल्लै या वनभूमीला पावसाळा आणि सायंकाळ, तर पालै या शुष्क भूमीला उन्हाळा आणि मध्यान्ह नेमून दिली आहे. पालैचा भाव विरह. हे मी शिकविले होते. जूनमधल्या त्या खिडकीपाशी ते प्रथम पाहिले.

तक्त्यात आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे पायाखालची जमीन. आमच्या बैठकीच्या भिंतीवर गुडघ्याच्या वर एक फिकट रेघ आहे. डिसेंबर २०१५च्या पुराचे पाणी तेथवर चढले होते, असे घरमालकांनी दाखविले. जवळच लेक व्ह्यू रोड आहे. तेथून आता तळे दिसत नाही. या भागातला जुना मोठा तलाव १९२०च्या दशकात आटवून त्यावर त्यागराय नगर वसविले गेले. तलाव गेला; पावसाने मात्र आपली वाट लक्षात ठेवली आहे.

भाच्याला काय लिहावे, असे मी पत्नीला विचारले. डाळ निवडता निवडता ती म्हणाली, ‘सुनेचं मत काय आहे? पत्रात तिचं नावसुद्धा नाही.’

मी पत्र पुन्हा वाचले. खरोखरच नव्हते. मग २०१८ साली मी स्वतः वहीत आखलेला तक्ता आठवला. पत्नीच्या श्वासाविषयी मी तिला बारकाईने विचारले होते. कोणता ऋतू तुला सोडवणार नाही, हे विचारले नव्हते.

भाच्याला उत्तर लिहिले. तुझे आकडे बरोबर आहेत, परंतु तो एक प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारल्यावाचून घर ठरवू नका, एवढेच त्यात आहे. पुण्याचे घर विकण्याचे आमच्याकडे चालले होते, ते तूर्त राहू दिले आहे. येत्या जूनच्या पहिल्या आठवड्याची तिकिटे काढली. पत्नीने बरोबर न्यावयाच्या औषधांची यादी केली आणि तिच्या तळाशी, आपल्या अक्षरात, ‘छत्री’ असे लिहिले.