गरिबीची तालीम

आमचे आजोबा दोघं भाऊ. थोरल्यानं नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यात पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेतला. धाकट्यानं, म्हणजे माझ्या आजोबांनी, 1956 नंतर धम्मदीक्षा घेतली. वाडा एक, भाकर एक, गावकुसाबाहेरची जागा एक. वाटा दोन.

त्या थोरल्या आजोबांची पणती, माझी पुतणी, अमेरिकेत जॉर्जिया राज्यात जन्मली. वय बावीस. मराठी तोडकंमोडकं, पण 'काका' अगदी स्वच्छ म्हणते. ही पोरगी अकरा महिन्यांसाठी मिशनच्या कामाला परदेशी निघाली. तिकडं हे नवीन नाही. 'वर्ल्ड रेस' नावाची अशीच मोहीम 2006 साली सुरू झाली, अकरा महिन्यांत अकरा देश ही तिची मूळ रीत. अशा मोहिमांची पोरं खर्च स्वतः गोळा करतात. नातेवाईक, शेजारी, चर्चमधली माणसं, सगळ्यांना पत्रं लिहायची आणि मदत मागायची. मग लसी टोचून घ्यायच्या, हिवतापाच्या गोळ्या बांधून घ्यायच्या, आणि निघण्याआधी प्रशिक्षण शिबिर.

पुतणीचं शिबिर दहा दिवसांचं. ती फोनवर सांगायची, मी ऐकायचो. झोपायला तंबू. अंघोळीला एक बादली, त्यातच डोकं धुवायचं. जेवायला भात आणि घेवड्याच्या बिया, तेही हातानं. अकरा महिन्यांचा संसार एका पाठपिशवीत. कपडे तीन जोड. एका रात्री शिबिरवाल्यांनी निम्म्या पोरांच्या पिशव्याच काढून घेतल्या. विमानात सामान हरवलं असं समजा म्हणाले. मग ज्याच्याकडं पांघरूण होतं त्यानं दुसऱ्याला अर्धं दिलं. पहाटे उठून प्रार्थना, दिवसभर ओझं घेऊन चालणं, रात्री गोल बसून आपली भीती एकमेकांना सांगणं.

हे मी आईला सांगितलं. आईनं ऐंशी पावसाळे पाहिलेत. ती म्हणाली, "आन् याला क्याम्प कशाला रं? म्हणावं माझ्याकडं ये, चार महिने ऱ्हा. फुकाट शिकवते."

आम्ही हसलो. पण हसून विषय संपत नाही.

मित्रांनो, उपास आणि उपासमार या दोन गोष्टी आहेत. उपासाला सोडायची तिथी ठरलेली असते. शिबिरातली बादली दहा दिवसांची, परदेशातली अकरा महिन्यांची. त्यानंतर घरी गरम पाण्याचा नळ वाट बघतोय. आईची बादली तिला कोणी शिकवली नव्हती आणि तिची मुदतही कोणी सांगितली नव्हती. गरिबीची तालीम करता येते. गरीब असण्याची करता येत नाही.

तरी मी त्या पोरीची टिंगल करणार नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1812 साली जहाजात बसले आणि 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. मराठी इथं येऊन शिकले. हॉल 1826 साली प्रवासात पटकीनं मेला. सिंथिया फरार ही बिनलग्नाची बाई 1827 साली आली, मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 साली नगरलाच वारली. तिची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. 1848 साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. आपला देह परक्या मुलखात झिजवायला तयार होणं ही लहान गोष्ट नाही. आपल्यातले किती जण शेजारच्या तालुक्यात महिनाभर राहतील?

मी पुतणीला एकच विचारलं. "पोरी, शिबिरात जात शिकवतात का गं?"

ती म्हणाली, "काका, दुसऱ्यांच्या चालीरीतींवर एक तास होता. खांदे झाका, उजव्या हातानं खा, चपला बाहेर काढा. जात नव्हती."

मग मी तिला तिच्याच घराची गोष्ट सांगितली. बाप्तिस्मा घेतलेल्यांची जात चर्चच्या दारात गळून पडली नाही, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या यादीत जवळजवळ फक्त हिंदू ठेवले. 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला महार बाहेरच राहिला. एकाच वाड्यातल्या दोन भावांच्या लेकरांना सरकारनं दोन वेगळे कागद दिले. गावानं मात्र दोघांनाही एकाच नावानं हाक मारली.

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "मग मी तिथं गेल्यावर काय विचारू?"

म्हटलं, "ज्या गावात जाशील तिथं पाणी कुठून भरतात ते बघ. आधी कोण भरतं, शेवटी कोण. शेवटी भरणाऱ्याच्या घरी जाऊन बस. त्याला काही द्यायच्या आधी विचार की हे असं का. आणि तो सांगेल ते ऐक."

आता आपल्याकडं वळतो. 1956 च्या जुलैत बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढलं. त्याच वर्षी 6 डिसेंबरला ते गेले आणि विद्यालय पुढं चाललं नाही. बावीस वर्षांची पोरगी प्रार्थना सांगायला जाताना दहा दिवस तयारी करते. आपला कार्यकर्ता अत्याचार झालेल्या वस्तीत जातो तेव्हा हातात झेंडा असतो, तोंडात घोषणा असते. 1989 चा अॅट्रॉसिटीचा कायदा त्यानं वाचलेला नसतो. फिर्याद कशी लिहून घ्यायची, पंचनाम्यात काय बघायचं, ज्या बाईचा माणूस मारला तिच्याजवळ काही न बोलता कसं बसायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. संध्याकाळी तो शेवटच्या एस्टीनं परततो. वस्ती रात्रभर एकटी जागी राहते.

आपल्याला तंबू नकोत, बादलीची तालीम नको. ती आपल्या आयांनी पुरेपूर केलीय. आपल्याला दहा दिवस हवेत. कायद्याचा कागद हवा, एक अनुभवी वकील हवा, आणि वस्तीत मुक्काम करायची तयारी हवी. येत्या उन्हाळ्यात कोण कोण येतो, बोला.