अथेन्स पाहिले, तेर राहिलेच होते



यंदाच्या उन्हाळी सुटीत आम्ही सहकुटुंब अथेन्स पाहिले. हसू नका. कारकुनाच्या पगारात ग्रीस देशाची सहल निघत नाही, हे आम्हालाही कळते. पण आमच्या चिरंजीवांच्या कॉम्प्युटरवर 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' नावाचा खेळ आहे. २०१८ साली निघालेला. त्यात इसवी सनापूर्वी ४३१ साली अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात पेटलेल्या युद्धाचा काळ उभा केला आहे. पोरगा रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत तलवारी फिरवत बसतो म्हणून आम्ही आधी रागावलो. मग त्यानेच सांगितले, की याच खेळाची मारामारी वगळलेली, नुसती हिंडून माहिती घेण्याची आवृत्ती २०१९ साली निघाली आहे. म्हटले, दाखव बघू.

आणि काय सांगावे! अ‍ॅटिका प्रांताचे डोंगर, ऑलिव्हची झाडे, पिरेअसचे बंदर, गलबते. अक्रोपोलिसच्या टेकडीवर पार्थेनॉन. पुस्तकातल्या चित्रांमुळे आमची समजूत होती, की ग्रीकांचे पुतळे पांढरेशुभ्र असत. इथे ते लाल-निळ्या रंगांनी रंगवलेले. खरेही तेच होते, रंग पुढे उडाले. धाकटी मुलगी कॅसँड्रा नावाची नायिका घेऊन हिंडे, कारण या खेळात नायक की नायिका हे आपणच ठरवायचे असते. चार संध्याकाळी आम्ही चौघे त्या गल्ल्यांतून फिरलो. चिरंजीवांना तर अथेन्सची वाट डोळे झाकून पाठ.

चौथ्या दिवशी मुलांची आई भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढं लांबचं दाखवलंत, तेरला तरी कधी नेलंत का लेकरांना?"

आम्ही गप्प. धाराशिवहून तेर वीस-बावीस किलोमीटर. लग्नाच्या वऱ्हाडाने, संघटनेच्या बैठकीला, असे कितीदा गेलो असू. गोरोबाकाकांच्या समाधीपुढूनही गेलो. पण मुलांना हाताला धरून 'हे बघा' असे कधी म्हटले नव्हते. रविवारी सकाळी एसटी गाठली, डबा बरोबर घेतला.

आता तेरचा आणि ग्रीकांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो चांगला कागदोपत्री आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रावरच्या व्यापाराची एक वही लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. लिहिणाऱ्याचे नाव राहिले नाही, वही राहिली. तो सांगतो, की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. या गावांचा माल गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येतो. पुढच्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगर आले.

हे तगर कुठले, यावर विद्वानांनी बराच खल केला. कोणी दौलताबाद म्हणाले, कोणी जुन्नर. डॉ. रा. गो. भांडारकरांनी धारूरचे नाव सुचवले होते. १९०१ साली फ्लीट या पंडिताने तेर हेच तगर असे मांडले आणि पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी गावात येऊन जुनी बांधकामे पाहिली, त्यावर लिहिले. पुढे १९५८ साली चापेकरांनी येथे उत्खनन केले, नंतरही उत्खनने झाली. त्यांत सातवाहनांच्या काळचे सुबत्तेचे शहर उघडे पडले.

आम्ही बी. कॉम. माणसे. त्या व्यापाऱ्याचा हिशेब तपासल्याशिवाय आम्हाला चैन पडेना. एसटीतच चिरंजीवांच्या मोबाईलवर नकाशा काढून अंतरे मोजली. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर, दिवस वीस. म्हणजे रोजचे सतरा-अठरा. पैठण ते तेर सरळ रेषेत सुमारे दीडशे, दिवस दहा. रोजचे पंधरा. बैलगाडीला ही चाल अगदी बरोबर. दिशेत तेवढा तो चुकला, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, नेमके पूर्वेला नाही. पण तो स्वतः इतक्या आत आला असेल असे वाटत नाही. भडोचच्या धक्क्यावर कोणा गाडीवानाला किंवा दलालाला विचारून त्याने लिहून घेतले असावे. एवढ्या चुकीला आम्ही शेरा मारणार नाही.

तेरला उतरल्यावर आधी लामतुरे वस्तुसंग्रहालय गाठले. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी हा संग्रह जमवला. तेरची पांढरी म्हणजे जुनी वस्तीची टेकाडे. पाऊस पडून गेला की त्यांतून मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येत. लोकांना त्या पोरांच्या खेळण्याच्या वाटत. लामतुरे यांनी हजारो वस्तू वेचून जपल्या. ती आता शासनाची ठेव आहे. पुरातत्त्वाची पदवी नसलेल्या माणसाने केलेले हे काम पाहून आम्हाला मनापासून बरे वाटले. आमच्या चळवळीतल्या किती जुन्या कार्यकर्त्यांची पत्रे, फोटो, हस्तपत्रके रद्दीत गेली, ते आठवले. असो.

कपाटांपुढे चिरंजीव पहिल्यांदा गप्प झाले. पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत घालून काढलेल्या बाहुल्या. केसांची रचना, दागिने, सगळे स्पष्ट. रोमन नाण्यांवरून उठवलेल्या मातीच्या मुद्रा. शंखाच्या बांगड्या. आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती, वीतभरही नाही. अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेई येथे सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिकडे पोचली होती. जालना जिल्ह्यात भोकरदनलाही तशीच एक मिळाली. पॉम्पेईची मूर्ती याच भागातून गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

त्या वहीत तगरहून भडोचला जाणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात पुष्कळसे साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि जांभळट रंगाचे मानले जाणारे एक कापड. साध्या कापडाचे नाव पहिले. विणणाऱ्यांचे नाव अर्थात नाही. आम्हाला त्या साध्या कापडाचेच अप्रूप वाटले. रोमच्या प्लिनीने तक्रार लिहून ठेवली आहे, की हिंदुस्थान दरवर्षी आमचे निदान पाच कोटी सेस्टर्स नेतो. आजच्या भाषेत रोमची व्यापारी तूट! त्या तुटीत आमच्या तेरणाकाठच्या माग चालवणाऱ्यांचा वाटा होता, हे पोरांना सांगताना छाती थोडी फुगली, हे कबूल करतो.

पण वहीचे दुसरे पानही आहे. भडोचला बाहेरून काय येई, त्याचीही नोंद आहे. दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच. आणि राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले व जनानखान्यासाठी सुंदर मुली. एकाच ओळीत. आवक-जावक नोंदवण्यात आमचे आयुष्य गेले, पण ही नोंद वाचून हात थांबतो. मुलीने विचारले, "पप्पा, त्या मुली कुठल्या?" वहीत ते लिहिलेले नाही.

खेळातल्या झगमगत्या अथेन्सचेही तेच. लोकशाही म्हणून जगाने ज्याचे नाव घ्यावे, त्या शहरात स्त्रियांना मत नव्हते, गुलामांना तर माणूसपणच नव्हते. अ‍ॅटिकाच्या दक्षिण टोकाला लॉरियनच्या चांदीच्या खाणी, त्यांत गुलाम राबत. निकियास नावाच्या सेनापतीने एक हजार गुलाम खाणीला भाड्याने दिले होते, माणशी रोज एक ओबोल, असे झेनोफनने लिहिले आहे. मज्झिमनिकायातल्या अस्सलायन सुत्तात भगवान बुद्ध त्या ब्राह्मण तरुणाला विचारतात, की यवन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि तिथे मालकाचा दास व दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस का? वर्ण जन्माचा नाही, माणसांनी केलेला आहे, हे पटवायला तथागतांनी ग्रीकांचे उदाहरण घेतले. मात्र त्याचा अर्थ ग्रीकांकडे सगळे चांगले होते असा नाही, हेही मुलांना सांगितले.

यवनांची आणखी एक बाजू आपल्या लेण्यांत कोरलेली आहे. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दान दिल्या. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यात यवनांनी दिलेले खांब आहेत. परक्या मुलखातून आलेला माणूस पाणी देतो, जेवणाची जागा देतो, आणि संघ ते घेतो. राजा मिलिंद तर सर्वांना ठाऊक. त्या वेळच्या औरंगाबादला १९५० साली सुरू झालेल्या बाबासाहेबांच्या महाविद्यालयाला पुढे त्याचेच नाव मिळाले, आणि परिसराला त्याच्याशी वाद करणाऱ्या नागसेनांचे.

दुपारी त्रिविक्रम मंदिराकडे गेलो. विटांचे, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, वर कमानीचे छप्पर, दर्शनी भागात चैत्याची घोड्याच्या नालासारखी कमान. कार्ले, भाजे पाहिलेल्याला बघताक्षणी ओळख पटते. आंध्रात चेझर्ला येथे असेच एक आहे. कझिन्स यांनी हे मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत दिले. आम्ही तसे ठासून सांगत होतो, तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "पण पप्पा, हे नक्की आहे का?" आता आली पंचाईत. काही अभ्यासक हे मुळातच देवळासाठी बांधले असे म्हणतात, हे आम्ही वाचलेले होते आणि सांगायचे टाळत होतो. मग सांगितले. तेरला उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत, तेव्हा इथे धम्म नांदत होता याबद्दल शंका नाही. या एका इमारतीबद्दल मात्र दोन मते आहेत. आत पूजा चालू होती, आम्ही बाहेरूनच विटा पाहिल्या. मुलीने एका विटेवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गोरोबाकाकांच्या समाधीशेजारी सावलीत डबा सोडला. दोन हजार वर्षांपूर्वी साच्यांतून बाहुल्या काढणारे गाव, आणि सातशे वर्षांपूर्वीचा त्याचा संत कुंभारच. ठेचा संपला, पाणीही संपले. तेरणेच्या पात्रात डबकी तेवढी उरली होती.

परतीच्या एसटीत चिरंजीव विचार करत होते. घरी येताच त्यांनी खेळ लावला. पण तलवार काढली नाही, गलबत काढले. अथेन्सहून निघून दक्षिणेला क्रीट बेटापर्यंत नेले. तिथून पुढे इजिप्त, तांबडा समुद्र आणि मग भडोच लागले असते, पण क्रीटच्या पलीकडे खेळाचा नकाशा संपतो. गलबत वळवून त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि आमच्याकडे कोरी वही मागितली. पहिल्या पानावर बहीण-भावाने मिळून भडोच, पैठण, तेर अशा तीन टिंबांची रेघ काढली आहे. मुलीने गाडीला बैल काढले आहेत, ते शेळीसारखे दिसतात.