भरतीबरोबर वर

बागबाजार घाट, कोलकाता, शनिवार

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

नाव ठरली. लाकडी, वर बांबूच्या कामट्यांचं छप्पर, मागे डिझेल इंजिन. इथे तिला भुटभुटी म्हणतात. पण माझी, म्हणजे नावाडी, इंजिन नाइलाजानेच लावतात. समुद्राची भरती हुगळीतून थेट नवद्वीपापर्यंत चढते. भरती लागली की नाव सोडायची, ओहोटी लागली की घाटाला बांधायची. वेळापत्रक चंद्राचं, आपण फक्त बसायचं.

घाटाजवळच ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. आपल्या नागपूरकर रघूजी भोसल्यांचे स्वार १७४२ मध्ये बंगालवर आले, तेव्हा कोलकात्याने धसक्याने खंदक खणायला घेतला. तो अर्धवटच राहिला, आणि मराठे शहरावर आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. मी नागपूरची, हे कळताच माझी मिश्कीलपणे म्हणाले, “बर्गी!” म्हणजे लुटायला आलेले मराठा स्वार. इथल्या अंगाईत अजून बर्गी येतात. शाळेत आपण चौथाई शिकलो. जळालेल्या गावांबद्दल कुणी शिकवलं नव्हतं.

श्रीरामपूर, रविवार

बाबा, दक्षिणेश्वर आणि बेलूर मागे पडले की दोन्ही काठांवर तागाच्या गिरण्या सुरू होतात. रिशड्याला १८५५ मध्ये पहिली निघाली. काही धुराडी आता नुसती उभी आहेत. समोरच्या काठावर मंगल पांडेचं बराकपूर. श्रीरामपूर मात्र १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या राजाचं होतं, म्हणून इंग्रज कंपनीला नको असलेले मिशनरी इथे टिकले. विल्यम कॅरी त्यांतला. पंडित वैजनाथांच्या मदतीने त्याने मराठीचं व्याकरण लिहिलं आणि १८०५ मध्ये इथेच छापलं. १८१० चा मराठी कोशही इथलाच, त्यासाठी मोडीचे खिळे पाडले होते. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता! ज्या नदीकाठी आपल्या घोड्यांची दहशत होती, तिथेच आपल्या अक्षरांचे खिळे ओतले गेले, हे मला खंदकापेक्षाही नवलाचं वाटलं. वैजनाथांच्या नावाचा एखादा फलक असेल म्हणून श्रीरामपूर कॉलेजच्या आवारात फिरले. दिसला नाही. कॅरीची कबर मात्र नीट राखली आहे.

चंदननगर, सोमवार

ओहोटीने दुपारभर अडवून ठेवलं. माझींनी नावेतच स्टोव्ह पेटवून भात आणि मोहरी घातलेला मासा केला. काटे काढण्यात माझा तास गेला, त्यांची दहा मिनिटं.

चंदननगर १९५० पर्यंत फ्रेंचांकडे होतं. स्ट्रँडवर संध्याकाळी सगळं गाव फिरायला येतं. इथला जलभरा संदेश फार नावाजलेला, चावला की आतून गुलाबपाणी येतं. तुमच्यासाठी घेणार होते, पण नागपूरपर्यंत टिकायचा नाही असं हलवाईच म्हणाला. उद्या चुंचुड्याची डच दफनभूमी आणि बंडेलचं पोर्तुगीज चर्च. भरती पहाटेच लागते, म्हणून इथेच थांबते.

तुमची,
सुमी